हव्वाबीच्या कपाटातली पिंडी

पनवेलात रागीट माणसांचा तुटवडा कधीच नव्हता. मामलेदार कचेरीत एक होते, शाळेत दोन होते, आणि बाजारात तर दर दुसऱ्या दुकानात एक बसलेला असे. पण हव्वाबीच्या रागाला नुसता राग म्हणणं म्हणजे कर्नाळ्याच्या सुळक्याला दगड म्हणण्यासारखं आहे. हव्वाबी सकाळी उठायची ती रागावलेलीच. कावळा ओरडला तर कावळ्यावर, नाही ओरडला तर अब्दुलवर, कारण कावळा ओरडला नाही म्हणजे नवऱ्याचं पत्र येणार नाही. अब्दुल बोटीवर भंडारी होता, म्हणजे खलाशांचा स्वयंपाकी. वर्षातले दहा महिने दर्यावर. लोक म्हणत, दर्या बरा म्हणून राहतो तिकडे. हे अर्थात हव्वाबीच्या पाठीमागे म्हणत.

बेलपाड्याहून भामा मासळी घेऊन यायची, ती टोपली उतरवायच्या आधीच म्हणायची, "हव्वाबी, शिव्या सावकाश दे. आधी निवट्या बघ, जित्या हायेत."

"जित्या हायेत तर तुझ्या घरात ठेव, लगीन लाव त्यांचं! काल दिलेलीस त्या माझ्या आजीच्या वयाच्या होत्या."

मग दोघी तासभर भांडायच्या, मध्येच चहा प्यायच्या आणि पुन्हा भांडायच्या. मोहल्ल्याची गल्ली जिथं बाजाराला मिळते तिथं हव्वाबीचं घर, त्यामुळे या भांडणाला दोन्ही बाजूंनी प्रेक्षक मिळत. भिंतीला भिंत लागून दमयंतीबाईंचं घर. त्या भिंतीआडून ऐकत आणि दुपारी आळीत सगळं साभिनय करून दाखवत. आमच्या आळीला करमणुकीची निराळी सोय लागत नसे.

पण या बाईचा एक राग असा होता की त्याला हसायची कुणाची छाती झाली नाही. तो सांगतो.

हव्वाबीला एकच मुलगी, गुलशन. बारा वर्षांची, काडीसारखी, डोळे मात्र मोठे. तिला साखरेचा आजार. एवढ्या लहान पोरीला हा आजार होतो हेच पनवेलात कुणाला पटेना. "मिठाई फार दिली असेल," असं म्हणून दमयंतीबाईंनी निदान संपवलं होतं. मुंबईच्या डॉक्टरनं इन्सुलिनची सुई लावून दिली, रोज सकाळ-संध्याकाळ. सुई द्यायला हव्वाबी स्वतः शिकली. पोरीला टोचताना ती दातओठ खाऊन सुईला शिव्या द्यायची, आणि गुलशन म्हणायची, "अम्मी, सुईला नको बोलू, ती घाबरून वाकडी जाईल."

या औषधाचा नखरा असा की ते गार ठेवावं लागतं. गार, पण गोठवायचं नाही. गोठलं की मेलं. मग ते टोचलं काय आणि विहिरीचं पाणी टोचलं काय, सारखंच. आधी हव्वाबी बाटल्या मडक्यात, ओल्या फडक्यात ठेवायची. एका वैशाखात मडकंही तापलं, औषध नासलं आणि गुलशन परसात धुण्याच्या दगडापाशी बेशुद्ध पडलेली सापडली. त्या दिवसाबद्दल हव्वाबी कधी बोलली नाही. एवढ्या बोलक्या बाईनं एखाद्या गोष्टीबद्दल बोलू नये, यावरून काय ते समजा.

अब्दुलला बोटीवर पत्र गेलं. पुढच्या खेपेला तो आला तो मालट्रकच्या पाठीवर बसून, आणि शेजारी गोणपाटात गुंडाळलेलं पांढरं कपाट. मुंबईतला कुणी साहेब विलायतेला परत निघाला होता, त्याच्याकडून घेतलेलं. रॉकेलवर चालणारा फ्रीज. गोवा सुटायच्या आधीची दोनतीन वर्षं असतील. पनवेलात बर्फ यायचा तो भुशात गुंडाळून, आणि या घरात तर कपाटाच्या बुडाशी दिवा पेटायचा आणि वर डब्यात पाण्याचा बर्फ व्हायचा. खाली आग आणि वर बर्फ! लोक बघायला आले आणि म्हणाले, हे कपाट हव्वाबीच्याच घरी शोभतं. फक्त तिच्यात वर बर्फ नाही, एवढाच फरक.

ज्या मेकॅनिकनं ते बसवलं त्यानं जाताना बजावलं: दार कमीत कमी उघडा. महिन्यातून एकदा दिवा विझवून, दार सताड उघडं टाकून, साचलेला बर्फ वितळवून टाका. आणि पावसाळ्यात दुप्पट सांभाळा, कारण हवेतली ओल हाच या कपाटाचा दुश्मन.

हव्वाबीनं ते कुराणाच्या खालोखाल पाळलं. कपाटाची चावी कमरेला. दार उघडायचं सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, सुईपुरतं. महिन्यातून एकदा ती दिवा विझवायची, बर्फ वितळवायची, फडक्यानं पुसून काढायची. याला ती कपाटाची आंघोळ म्हणायची. तेवढ्या वेळापुरत्या औषधाच्या बाटल्या पुन्हा मडक्यात जायच्या आणि हव्वाबी मडक्यापाशी राखणीला बसायची, जसं काही मडकं पळून जाणार आहे.

उन्हाळा सुरळीत गेला. मग पाऊस लागला. आपल्याकडचा पावसाळा कसा असतो ते तुम्हाला काय सांगू! बरणीतलं मीठ पाझरतं, काडेपेटी ओढून ओढून झिजते पण पेटत नाही, पापडाची पोळी होते. अशा हवेत ते दार क्षणभर उघडलं तरी ओली हवा भसकन आत शिरायची आणि डब्याच्या गार पत्र्याला चिकटून तिथंच गोठायची. उन्हाळ्यात महिनाभरात जेवढा बर्फ साचायचा तेवढा आता आठवड्यात साचू लागला. गुलशनला त्याचा मोठा नाद. सुई टोचून घेताना ती तिकडेच बघत बसायची. ज्या दिवशी पाऊस उघडलेला, घरात कुणी आलं-गेलं नाही, त्या दिवशी पत्र्यावर बारीक साखर पेरल्यासारखे चपटे, गुळगुळीत कण दिसायचे. आणि ज्या दिवशी चार बायका भिजून येऊन टेकल्या, त्या दिवशी त्याच पत्र्यावर लांब लांब सुया, त्या सुयांना फांद्या, फांद्यांना पिसं.

"अम्मी, बघ, आज बर्फाला केस आलेत."

"भामा बसलेली ना भिजलेलं लुगडं घेऊन! तिचेच आलेत. दार लाव."

त्या डब्याचं पुढचं झाकण साहेबाच्या घरीच मोडलेलं होतं. त्यामुळे आतला बर्फाचा साचा उघडाच. रॉकेलमध्ये भेसळ असली की दिव्याची वात काजळायची, गारवा कमी व्हायचा, वरचा बर्फ थेंब थेंब गळायचा. वात साफ केली की गळलेलं पुन्हा गोठायचं. असं गळत-गोठत साच्याच्या मधोमध एक गोल उंचवटा उभा राहिला. खाली पसरट बैठक, वर गुळगुळीत डोकं, भोवती पांढऱ्या पिसांचा फुलोरा.

त्या वर्षी श्रावणही अधिकाचा आला होता, म्हणजे एकाच्या जागी दोन. त्यातल्या पहिल्या श्रावणात एका रविवारी कपाटाची आंघोळ ठरलेली. हव्वाबी दिवा विझवायला वाकली आणि तेवढ्यात दमयंतीबाई आल्या. त्यांचे यजमान कमळाकर पोस्टात कारकून. त्यांच्या कपाळावर ठेवायला बर्फाचा तुकडा हवा होता. ताप म्हणजे काय, शिंका होत्या दोनचार. पण शेजारी बर्फ असताना नुसत्या शिंका काढणं कमळाकरांना कमीपणाचं वाटलं असावं. हव्वाबीनं दार उघडलं. दमयंतीबाईंनी आत पाहिलं आणि एकदम पदर डोक्यावरून घेऊन हात जोडले.

"अगं बाई! शंभू महादेव!"

"कुठं?" म्हणून हव्वाबीनं मागं वळून पाहिलं.

"अगं, इथं! शाळुंकेसकट! हव्वाबी, तुझ्या घरी देव आलाय."

"माझ्या घरी ओल आलीय, दमयंतीबाय. आता दिवा विझवते, बघा कशी जाते."

"नको गं! उद्या सोमवार आहे. एवढा उद्याचा दिवस राहू दे, मग तुला काय करायचं ते कर. एवढं ऐक माझं."

हव्वाबी तापट होती, पण शेजारधर्माला पक्की. एक दिवस, म्हणाली. दमयंतीबाईंनी बर्फ न घेताच घर गाठलं. कमळाकरांच्या शिंका विसरल्या गेल्या आणि आपोआप बऱ्याही झाल्या.

दुसऱ्या दिवशी तीन बायका आल्या. दमयंतीबाई तीनच जणींशी बोलल्या होत्या, ही त्यांची शपथ. मंगळवारी हव्वाबी दिवा विझवायला जाते तो दारात आठजणी उभ्या. मग कुणाच्या नणंदा आल्या, कुणाच्या विहिणी आल्या. पुढच्या सोमवारी नेऱ्याहून डोक्यावर इरली घेतलेल्या बायका शेतातला चिखल तुडवत आल्या. विरूपाक्षाच्या देवळात देव वर्षभर होता तिथंच आहे, पण शेजाऱ्याच्या कपाटातल्या देवाची गंमत वेगळी!

आणि आता त्या बर्फाची गंमत ऐका. दार उघडलं, की भिजलेलं लुगडं नेसलेली बाई आत डोकं घालून हात जोडायची, नवस पुटपुटायची, सुस्कारा टाकायची. तिची वाफ, लुगड्याची वाफ, मागच्या दहाजणींच्या इरल्यांची ओल, सगळी त्या गार पत्र्याकडे धाव घ्यायची. रात्रीतून तिचा बर्फ व्हायचा. पिंडीवर पिसं चढायची, पिसांवर नवी पिसं. जितकी माणसं जास्त, तितकी पिंडी मोठी. मग बातमी सुटली: पिंडी वाढते! वाढते म्हटल्यावर आणखी माणसं आली. ती आली म्हणून पिंडी आणखी वाढली. दोन गल्ल्यांपलीकडे काशीराम वाण्याचं दुकान होतं. त्यानं हव्वाबीच्या ओट्याशेजारी बेल आणि फुलं विकायला पाट मांडला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तर्जनीनं माप दाखवू लागला: परवा एवढी होती, आज एवढी.

दारात आलेल्या माणसाला काही प्यायला न देता परत पाठवायचं नाही, ही हव्वाबीच्या माहेरची रीत. म्हणून ती कपाटाच्याच खोलीत चूल पेटवून, मोठ्या टोपात आल्याचा चहा उकळत बसायची, कारण बाकीचं घर गळत होतं. टोपाची वाफ वर जायची आणि कपाटाचं दार उघडलं की सरळ आत. म्हणजे पिंडीला नैवेद्य हव्वाबीच दाखवत होती, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. आणि तो चहा पीत कोण? भामा पिई, नेऱ्याच्या दोघीतिघी पीत. बाकीच्या "उपास आहे गं" म्हणून पदराला हात पुसत निघून जात. उपासाला चहा चालतो, हे पनवेलात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. हव्वाबीच्या घरातला देव चालायचा. चहा चालायचा नाही. मी पुष्कळ गमती पाहिल्या, पण ही आठवली की अजून माझं डोकं तडकतं.

हव्वाबीला ते कळत नव्हतं असं समजू नका. ती भामाला म्हणाली, "कप विसळायचा तरी त्रास वाचतो, नाय का?" आणि कप असा आपटला की त्याचा कान तुटला.

मोहल्ल्यातल्या दाऊदचाचांकडे ती गेली. पांढऱ्या दाढीचा, शांत माणूस. मशिदीच्या चाव्या त्यांच्याकडे असत.

"चाचा, आंघोळ घालायची हाय कपाटाला. बर्फ खाली उतरलाय, पोरीच्या औषधाच्या डब्याला टेकायला आलाय. काय करू?"

चाचांनी दाढी कुरवाळली. "सबर कर, बेटी. अब्दुल दर्यावर, तू एकटी. दुसऱ्यांच्या देवाला आपला हात लागला, तर उद्या गोष्ट बर्फाची राहणार नाय."

"सबर कर! आनि माझा राग कुठं ठेवू, त्याच कपाटात?"

हे बोलणं चाचांनी हसण्यावारी नेलं. हव्वाबीनं नाही. त्या दिवसापासून तिनं राग बाहेर कुणावर काढायचा नाही असं ठरवलं आणि तो पनवेलातल्या कावळ्यांवर काढला. श्रावणात त्या गल्लीत कावळा फिरकेना. पावसाला शिव्या, विहिरीला शिव्या, चुलीतल्या ओल्या लाकडांना शिव्या. दारात बाई दिसली की तोंडाला कुलूप आणि हसू. ते हसू पाहिलं असतंत, तर तुम्ही लांबूनच दर्शन घेऊन परत गेला असतात.

औषधाचा पत्र्याचा डबा बर्फाच्या डब्याखालच्याच फळीवर असे, कारण त्याच्याखाली गारवा पोचत नव्हता. त्यात पावसाळ्यापुरता साठा होता. पावसाळ्यात मुंबईची लाँच बंद. मुंब्र्याच्या वाटेनं मोटार गेली तर गेली. म्हणजे होतं ते एवढंच. हव्वाबी रोज बोटांनी चाचपायची, बर्फ कुठवर आला. वापरातली एक बाटली तिनं दारातल्या कप्प्यात ठेवली होती, ती हाताशी होती म्हणून दोनतीन दिवस तिनं डब्याला हात लावला नाही. त्याच दिवसांत नेऱ्याच्या बायकांची मोठी खेप येऊन गेली.

निज श्रावणातला सोमवार. सकाळपासून मुसळधार. घरात पाय ठेवायला जागा नाही, खिडकीच्या गजांना छत्र्या लटकलेल्या, चुलीवर चहाचा टोप, आणि बायका आरती म्हणताहेत. संध्याकाळच्या सुईची वेळ झाली. दारातली बाटली सकाळीच संपली होती. हव्वाबी वाट काढत कपाटापाशी गेली, दार उघडलं आणि डबा ओढला.

डबा हलेना.

वरून उतरलेल्या बर्फानं त्याला मिठी मारली होती. पिसांची झाली होती लादी. हव्वाबीनं दोन्ही हातांनी ओढला, नखं तुटली, डबा तसाच. मागं आरती चालू. दारात गुलशन भिंतीला टेकून उभी, ओठ सुकलेले; ती तिसऱ्यांदा पाणी पिऊन आली होती. हव्वाबीनं पोरीकडे एकदा बघितलं आणि सरळ चुलीच्या वैलावरचं कढत पाण्याचं भांडं उचललं.

दमयंतीबाईंनी तिचा हात धरला. "अगं, अगं, काय करतेस! देवावर कढत पाणी?"

आरती थांबली. बाहेरून काशीराम आत आला. तो कधी आवाज चढवत नसे. त्याला गरज पडत नसे.

"भाभी, जरा विचार करा. एवढी माणसं आहेत. आज सोमवार. तुमच्या हातून पिंडीला काही झालं, तर मी एकटा कुणाकुणाला समजावणार?"

म्हणाला हसत. अशी वाक्यं हसतच म्हणतात.

हव्वाबीनं भांडं खाली ठेवलं. आणि मग, महिनाभर कोंडलेलं ते सगळं बाहेर पडलं.

"काशीराम, तू बाजूला हो, तुझा बेल भिजेल. मी नाय हात लावत तुमच्या देवाला. मी कोन लावनारी! पन मला एक सांगा, ए बायांनो, तुमी सगळ्या मला सांगा. महिना झाला तुमचा देव माझ्या घरात उभा हाय. कुनी त्याच्या डोक्यावर तांब्याभर पानी घातलं? एकीनं तरी? तिकडं देवळात सोमवारी घागरीवर घागरी ओतता, मला काय दिसत नाय? माझ्या घरासमोरून जाता कळश्या घेऊन! आनि इथं नुस्ता बघायला येता. वीतभर झाला, हातभर झाला! देव हाय का भोपळा हाय? महादेवाला थंडी वाजते का, मूर्ख बायांनो, बर्फाचा हाय तो! त्याला आंघोळ नको का? का माझ्या घरात हाय म्हनून तुमचं पानी बाटतं?"

हव्वाबीनं दाराकडे बोट केलं.

"त्याच्या खाली माझ्या पोरीचं औषध अडकलंय. ती बघा, उभी हाय. रात्रीला सुई नाय मिळाली, सकाळी नाय मिळाली, तर ती पडेल. मागं पडलेली. तवा तुमच्यातली कोन आली नवती. आता एवढ्या आल्यात, तर तिला पडताना पन बघून जा. फुलं हायेतच काशीरामकडं."

हे शेवटचं बोलताना तिचा आवाज चढला नाही, उतरला. रागावलेल्या हव्वाबीला सगळं पनवेल ओळखत होतं. ही बाई कुणाच्या ओळखीची नव्हती.

काशीरामचं हसू तसंच राहिलं, पण त्याचं काय करावं ते त्याला कळेना.

भामा कोपऱ्यात चहा पीत होती. तिनं कप खाली ठेवला, कमरेला पदर खोचला. "बाय बोलते ता खरं हाय. सोमवार, आन् देव कोरडा. आपलंच चुकलंय." आणि तिनं चुलीशेजारचा तांब्या उचलून परसातल्या विहिरीवर भरला. बर्फापुढं विहिरीचं पाणी कोमटच. भामानं तो तांब्या "हर हर महादेव" म्हणून पिंडीवर रिता केला. पांढरी पिसं क्षणात विरघळून दिसेनाशी झाली आणि आतला निळसर बर्फ उघडा पडला.

अभिषेकाला नाही कोण म्हणणार? नेऱ्याच्या बायका उठल्या. ज्यांच्याकडे भांडी नव्हती त्यांनी हव्वाबीची घेतली, तांबे, पातेली, गुलशनचा दुधाचा पेला. ज्यांना तिचा चहा चालत नव्हता त्या आता तिच्याच विहिरीचं पाणी तिच्याच भांड्यात भरून देवाच्या डोक्यावर ओतत होत्या, मोठमोठ्यानं मंत्र म्हणत, चुकीचे. खालचा दिवा फुसकन विझला, घरभर रॉकेलचा वास सुटला, पाय घोट्यापर्यंत पाण्यात. खाली पडणारं तीर्थ भरून घ्यायला दोघीजणी वाकल्या, त्यांना हव्वाबीनं कोपरानं बाजूला केलं. तिचा डोळा फक्त डब्यावर.

डबा सुटला. तो छातीशी धरून ती कंदिलापाशी गेली आणि एकेक बाटली उजेडाला धरू लागली. पहिली नासक्या दुधासारखी फुटलेली. दुसरी तशीच. तिसरी, चौथी. बर्फाला टेकलेल्या सगळ्या गेल्या होत्या. पुढच्या कडेच्या थोड्या तेवढ्या वाचल्या, आठवड्याभराच्या. तिनं तिथंच उभ्या उभ्या गुलशनला सुई दिली. त्या रात्री सुईला ती काही बोलली नाही.

मग ती वळली. बायका निघायच्या बेतात होत्या.

"दमयंतीबाय, तुमी थांबा. एक दिवस मागितला होता तुमी माझ्याकडं. मी दिला. आता माझ्या पोरीचं औषध तुमच्या देवानं खाल्लं. देव काय मुंबईला जाऊन परत आननार नाय. तुमचे मालक जातील."

"अगं, पण या पावसात? मुंब्र्याला रस्ता खचलाय म्हणतात..."

"मला म्हनतात ते सांगू नका. पिंडी वाढते असं पन म्हनतात."

कमळाकर हा माणूस पावसाळ्यात गल्लीच्या टोकाला तपकीर आणायला जायचा नाही, बायकोला पाठवायचा. तो पहाटे निघाला. बायकोनं काय सांगून पाठवला ते भिंतीला माहीत. भिंतीच्या या बाजूला ऐकणारं कुणी नव्हतं, कारण हव्वाबी गुलशनच्या उशाशी बसली होती. एस.टी. मध्येच बंद पडली. कमळाकर काही वाट चालला, काही बैलगाडीत, काही कुणाच्या तरी ट्रकमध्ये खडीवर बसून. शुक्रवारी दुपारी आला तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत लाल, चष्म्याची एक काच गेलेली, आणि थर्मास पोटाशी धरलेला. थर्मासमध्ये बर्फ आणि बर्फाच्या वर फडक्यात औषध, टेकू न देता. सर्दी मात्र त्याला या वेळी झाली नाही. पोस्टात हा प्रवास तो पुढं निवृत्त होईपर्यंत सांगत होता आणि दर वर्षी रस्ता थोडा जास्त खचत होता.

गुलशन वाचली. पुढं उरणला लग्न होऊन गेली, सुई बरोबर घेऊन. पण ते नंतरचं.

त्या शुक्रवारी दमयंतीबाई स्वतः थर्मास घेऊन हव्वाबीच्या घरी आल्या. कपाट पुसून कोरडं केलेलं, दिवा नुकता पेटवलेला, आत पत्रा आरशासारखा. पिंडीचं नाव नाही. काशीरामचा पाट ओट्याशेजारून गेला होता; जाताना त्यानं बेलाचा कचरा तिथंच टाकला होता आणि हव्वाबी तो झाडत काशीरामच्या सात पिढ्यांची वास्तपुस्त करत होती. दमयंतीबाईंनी थर्मास दिला. हव्वाबीनं एकेक बाटली उजेडात बघितली, डब्यात ठेवली, डबा कपाटात ठेवला, चावी कमरेला खोचली. ना आभार, ना हसू. दमयंतीबाई उभ्याच.

"बसू का?" त्या म्हणाल्या.

"घर काय माझ्या बापाचं हाय, बसा. महिनाभर तर विचारत नवता."

दमयंतीबाई बसल्या. मग इकडं तिकडं बघून, पदराचं टोक बोटाला गुंडाळत हळूच म्हणाल्या, "आज... चहा नाही टाकलास तो?"

हव्वाबीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की पूर्वीचे दिवस असते तर त्या भिंत ओलांडून पळाल्या असत्या. मग ती उठली, चूल परसाकडच्या पडवीत नेलेली होती तिकडं गेली, आणि भांडी अशी आदळत चहा केला की आळीला वाटलं नवं भांडण सुरू झालं. कान तुटलेल्या कपात ओतला आणि दमयंतीबाईंच्या पुढ्यात आपटला.

"प्या. आनि तिकडं, दाराजवळ बसून प्या. कपाटाला वाफ लागते."